संशयितांच्या यादीतील समीक्षक

विनोद, खून आणि विज्ञानकथेचे भाविक वाचक अशा तीन गोष्टी एकत्र आणणारी कादंबरी मराठी समीक्षेपुढे ठेवली, तर तिची वासलात कशी लागेल हे आधीच सांगता येते. खूनकथा म्हणून ती रंजनपर ठरेल. विनोदी म्हणून तिच्यात जीवनचिंतन नाही असा शेरा मिळेल. विज्ञानकथेशी नाते आहे म्हणून तिची रवानगी विज्ञानप्रसाराच्या दालनात होईल. हे तिन्ही आक्षेप सवयीतून आलेले आहेत. चौथा आक्षेप अधिक प्रतिष्ठित असून तो समाजशास्त्रीय भाषेत मांडला जातो : विज्ञानकथेच्या चाहत्यांचे मेळावे, त्यांची मंडळे, त्यांच्या चक्रमुद्रित पत्रिका ही अमेरिकी घटना आहे, मराठीत असा वाचकवर्गच नाही, तेव्हा त्याच्यावर बेतलेल्या वाङ्मयप्रकाराची चर्चा येथे अप्रस्तुत होय. या आक्षेपात वस्तुस्थितीचे विधान केल्याचा आव आहे. प्रत्यक्षात मराठी समीक्षेच्याच एका दीर्घ उपेक्षेचा परिणाम त्यात कारण म्हणून पुढे केला जातो. पुण्या-मुंबईच्या चर्चासत्रात तो खपून जातो. महाविद्यालय, वाचनालय, शेतीसंशोधनाची संस्था आणि दरवर्षी मुक्कामाला येणारी पालखी हे सारे एकाच पंचक्रोशीत असलेल्या फलटणसारख्या तालुक्याच्या गावी तो घासून पाहिला, तर त्याचा मुलामा उतरू लागतो.

आधी त्या वाङ्मयप्रकाराविषयी. शॅरिन मॅक्रम्ब यांची ‘बिम्बोज ऑफ द डेथ सन’ ही कादंबरी त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. थेट कागदी बांधणीत निघालेल्या रहस्यकादंबऱ्यांसाठी अमेरिकेतील रहस्यकथालेखकांची संस्था जो एडगर पुरस्कार देते, तो तिला १९८८ साली मिळाला. तिची प्रकाशनसंस्था टीएसआर ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची निर्माती, हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण कादंबरीतील उलगडाही त्याच जातीच्या खेळातून होतो. विज्ञानकथा व अद्भुतकथा यांच्या चाहत्यांचे एक संमेलन हॉटेलात भरले आहे. ॲपिन डंगॅनन हा लोकप्रिय लेखक त्याचा प्रमुख पाहुणा. ट्रॅटिन रूनविंड नावाच्या पराक्रमी नायकाच्या कथांची मालिका त्याने वर्षानुवर्षे लिहिली आहे आणि त्या नायकाचा व त्याच्यावर जीव टाकणाऱ्या वाचकांचा त्याला मनस्वी तिटकारा आहे. त्याचा खून होतो. अभियांत्रिकीचा एक प्राध्यापक शोध घेतो. त्याने स्वतः एक गंभीर विज्ञानकादंबरी लिहिलेली असून प्रकाशकाने तिला परस्पर हे भडक शीर्षक व तितकेच भडक मुखपृष्ठ चिकटवले आहे. त्याची मैत्रीण इंग्रजीच्या विभागात विज्ञानकथा शिकवते. शेवटी भूमिकाखेळाच्या पटावर काल्पनिक नायकालाच मरणाच्या दारी आणले जाते, आणि ते सहन न झाल्यामुळे खुनी उघडा पडतो. खुनामागे संपत्तीचा वा वारसाचा प्रश्न नाही. प्रश्न नायकाच्या प्रतिष्ठेचा आहे.

येथे हास्याचा थर थोडा बाजूला केला की एक वाङ्मयीन सिद्धान्त दिसू लागतो. रोलाँ बार्थने १९६७ साली लेखकाचा मृत्यू जाहीर केला आणि वाचकाच्या जन्माची ती किंमत असल्याचे प्रतिपादिले. मराठी विद्यापीठांतून हा सिद्धान्त पुढे पाठ झाला, तो मात्र रूपक म्हणून. मॅक्रम्ब यांनी हे रूपक शब्दशः घेतले. लेखक खरोखरच मरतो आणि त्याला मारणारा वाचकच आहे. त्याची बाजू अशी की संहिता आता त्याच्या मालकीची राहिलेली नाही. त्झ्वेताँ तोदोरोव्ह यांनी रहस्यकथेत दोन कथा असतात असे दाखवले : घडून गेलेल्या गुन्ह्याची अनुपस्थित कथा आणि चालू शोधाची उपस्थित कथा. या कादंबरीत त्यांच्यात तिसरी कथा मिसळते, ती म्हणजे वाचनाची. शोधकर्त्याला हॉटेलच्या खोल्यांइतकीच रूनविंडची कथामालिकाही वाचावी लागते. गुन्ह्याचे स्थळ संहितेत आहे. वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्तावर शेकडो पाने खर्ची घालणाऱ्या समीक्षेला हे दीडदोनशे पानांचे प्रात्यक्षिक हलके वाटावे, यात तिच्या तराजूचाच दोष असण्याचा संभव अधिक.

हा प्रकार मॅक्रम्ब यांच्यापासून सुरू झाला असेही नाही. समीक्षक व संपादक अँथनी बाउचर यांनी १९४२ साली एच. एच. होम्स या टोपणनावाने ‘रॉकेट टू द मॉर्ग’ लिहिली. लॉस एंजेलिसच्या परिसरातील विज्ञानकथालेखकांचे जे मंडळ रॉबर्ट हाइनलाइन यांच्याभोवती जमत असे, ते तिच्यात थोड्याशा वेषांतराने वावरते. आणि जिवावर बेतते ते एका मृत लेखकाच्या वारसाच्या, जो हक्कांच्या जोरावर सगळ्यांना छळतो. आयझॅक आसिमोव्ह यांनी ‘मर्डर ॲट द एबीए’ (१९७६) मध्ये पुस्तकविक्रेत्यांच्या अधिवेशनात खून घडवला आणि स्वतःलाच एक पात्र म्हणून तेथे हिंडवले. बाउचर व आसिमोव्ह घरातून हसतात. ज्यांच्यावर हसायचे त्यांच्याच पंक्तीला ते बसलेले आहेत. मॅक्रम्ब यांचे हसू पुष्कळदा दारात उभे राहून केलेले आहे. चाहत्यांचे वेडेविद्रे कपडे, त्यांची स्थूल शरीरे, त्यांचा एकटेपणा यांवर ती कादंबरी सहज हात टाकते आणि तेथे तिचा विनोद स्वस्त होतो. हा दोष झाकण्याचे कारण नाही.

तिचा अधिक खोल दोष मात्र दुसराच आहे, आणि तो मराठी वाचकाला तिच्या मूळ वाचकापेक्षा चटकन दिसावा. डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ सालच्या ‘द गिल्टी व्हिकरेज’ या निबंधात रहस्यकथेला बंदिस्त समाजाची गरज असल्याचे म्हटले होते. त्या समाजातील प्रत्येकजण संशयास पात्र असावा लागतो. अगाथा ख्रिस्ती यांनी तर १९२६ सालीच निवेदकालाही त्यातून सूट दिली नाही. मॅक्रम्ब यांच्या संमेलनात लेखक, संपादक, आयोजक, चाहते असे सारे संशयित आहेत. विद्यापीठातून आलेले जोडपे तेवढे आरंभापासून निष्कलंक. साहित्याचे अध्यापन करणारी व्यक्ती येथे निरीक्षक आहे, शहाणी आहे, निर्णय देणारी आहे. तिच्या हाताला रक्त लागलेले असू शकेल अशी शंकाच कादंबरीला शिवत नाही. मराठीत हाच प्रकार कोणी लिहील तेव्हा त्याला ही सवलत घेता येणार नाही.

कारण मराठी विज्ञानकथेचा वाचक कसा घडला, किंवा कसा घडू दिला गेला नाही, हा इतिहास संस्थांचा आहे. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले. त्याच्या पत्रव्यवहाराच्या सदरात पत्रलेखकांचे पत्ते छापले जात. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांशी भांडू लागले, मंडळे निघाली, पत्रिका निघाल्या, आणि १९३९ साली न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. त्या पहिल्याच संमेलनात फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वोलहाइम प्रभृतींच्या गटाला दाराशी अडवण्यात आले, ही गोष्टही मासलेवाईक आहे. म्हणजे तेथे वाचक लेखक झाला तो वादावादीच्या वाटेने. मराठीत १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानरंजन कथांच्या स्पर्धा घेतल्या. ते काम मोलाचे होते. परिषद नसती तर मराठी विज्ञानकथा आज आहे तेवढीही नसती. परंतु स्पर्धेला परीक्षक असतात आणि परीक्षार्थी असतात. निकाल लागतो, पारितोषिक मिळते, संग्रह निघतो. या साखळीत वाचकाला पत्ताच नाही, शब्दशः. आणखी एक गोष्ट अशी की स्पर्धेच्या नावात ‘रंजन’ हा शब्द परिषदेने संकोच न करता घातला होता. तो गाळण्याचे काम समीक्षेने केले.

या स्पर्धेच्याच इतिहासात मराठीतील सर्वोत्तम विनोदी रहस्यकथा दडलेली आहे आणि ती सत्यकथा आहे. १९७४ साली परिषदेकडे ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक : नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे कळले की हे जगताप अस्तित्वातच नाहीत. कथा जयंत विष्णू नारळीकरांची. आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावून नाव बनवले होते, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत मंगला नारळीकरांच्या हातची होती. खोटे नाव, बदललेले अक्षर, उलटी फिरवलेली आद्याक्षरे, काही न कळलेले परीक्षक : रहस्यकथेचे सारे साहित्य येथे हजर आहे. जागतिक कीर्तीचा खगोलशास्त्रज्ञ आपली कीर्ती बाहेर ठेवून परीक्षेला बसतो, ही त्यातली खरी गंमत; आणि ती गंमत एक सैद्धान्तिक प्रश्नही विचारते. संहितेला लेखकाच्या नावाशिवाय उभे राहता येते काय? ‘जगताप’ यांच्यापुरते उत्तर होकारार्थी आले. मराठी समीक्षेने या प्रसंगाचे काय केले? तिने तो विनयाची आख्यायिका म्हणून जपला. सत्कारसमारंभांत तो सांगितला जातो आणि टाळ्या पडतात. त्यातला प्रश्न मात्र तेथेच विझतो.

पुढच्या वर्षी, १९७५ साली, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोलताना दुर्गा भागवतांनी या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. त्या संमेलनाचे स्मरण आणीबाणीच्या संदर्भात होते व तसे ते व्हावेच. पण सातारा जिल्ह्यातल्या त्या मांडवात लोकसाहित्याच्या एका अभ्यासकाने विज्ञानकथेला जवळचे मानले, हा योगायोग नव्हे. दंतकथा, कहाणी, प्राणिकथा या संकेतबद्ध प्रकारांत ज्याची बुद्धी मुरली आहे, त्याला संकेतबद्धता हा दोष वाटत नाही. समीक्षेने येथून पुढे जायला हवे होते. तिने निवडलेला मार्ग वेगळा होता.

तो मार्ग असा. ‘जगताप’ यांच्या कथेने नाव वगळून जे सिद्ध केले, ते नाव कळताच उलटवले गेले. यापुढे विज्ञानकथेची प्रतिष्ठा लेखकाच्या प्रयोगशाळेवरून ठरू लागली. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे यांच्या कथांचा परामर्श घेताना पहिला प्रश्न विज्ञान अचूक आहे काय हा, दुसरा समाजाला इशारा मिळतो काय हा. निवेदनपद्धती, गतीचे नियंत्रण, खोट्या सुगाव्यांची पेरणी, उपहासाचा सूर यांची विचारपूस झालीच तर शेवटच्या परिच्छेदात. भालचंद्र नेमाडे यांनी ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ असे विचारून साहित्यव्यवहारातील मानमरातबाची चिरफाड केली होती. विज्ञानकथेच्या बाबतीत समीक्षेने त्या लेखकरावाच्या शेजारी आणखी एक आसन मांडले, शास्त्रज्ञरावाचे. याचा दोष नारळीकरांकडे जात नाही. त्यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीचे जे कोडे आहे, ते विज्ञानाचे तत्त्व समजावण्यासाठी जितके आहे तितकेच वाचकाला चकवण्यासाठी आहे. मूर्ती आणि क्रिकेट यांची सांगड घालणारा तिचा मिश्कीलपणा रहस्यकथेच्या घराण्याचा आहे. त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉइल यांनी ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) मध्ये राजकारण्यांची जी रेवडी उडवली, तिचा वारसा येथे शोधता आला असता. ही कथा पाठ्यपुस्तकी विज्ञानाचे सुबोध उदाहरण म्हणून वाचणे म्हणजे विनोद समजावून सांगण्यासारखे आहे. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. २०२५ साली त्यांचे निधन झाले. अध्यक्षपदाच्या निमित्ताने जे लिहिले गेले त्यात विज्ञानकथेच्या सन्मानाची वार्ता होती, तिच्या रूपबंधाची चर्चा नव्हतीच म्हणण्याइतकी थोडी होती.

आता दुसरीकडचा वाचक. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांची नावे घेतली की एका पिढीचे डोळे अजून चमकतात. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले, त्यांचीही पुस्तकसंख्या हजाराच्या पलीकडे गेली. ही पुस्तके रोजच्या भाड्याने देणाऱ्या गल्लीतल्या वाचनालयांतून, एस.टी. स्थानकांवरच्या दुकानांतून, हातोहात फिरली. येथे वाचक होता, मोठ्या संख्येने होता आणि निष्ठावंत होता. नव्हते ते एवढेच की त्याला कोणी बोलते केले नाही. रहस्यकथेचा हा वाचक आणि स्पर्धेतल्या विज्ञानकथेचा वाचक पुष्कळदा एकच मनुष्य होता; सकाळी एक पुस्तक परत करून संध्याकाळी दुसरे नेणारा. समीक्षेने त्याला दोन कप्प्यांत चिरले : एकात तो बिघडत होता, दुसऱ्यात सुधारत होता. दोन्हींकडे तो वाचत होता ही गोष्ट राहून गेली. अमेरिकेत जॅनिस रॅडवे यांनी १९८४ साली प्रेमकादंबऱ्यांच्या वाचकस्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून ‘रीडिंग द रोमान्स’ लिहिले. हेन्री जेंकिन्स यांनी १९९२ साली चाहत्यांच्या लेखनाला संहिता मानून अभ्यासिले. मराठीत या ग्रंथांचे संदर्भ दिले जातात. त्यांनी केले ते काम मात्र केले जात नाही. विज्ञानकथेवर व रहस्यकथेवर प्रबंध झाले नाहीत असे नाही, परंतु उगम, विकास, वर्गीकरण, उपसंहार या ठरलेल्या वाटेने जाताना वाचक हा घटक बहुधा प्रस्तावनेतच अंतर्धान पावतो.

देशीवादी आक्षेपक म्हणेल की चाहत्यांचा संप्रदाय ही कल्पनाच उसनी आहे. या आक्षेपकाने फलटणला आषाढीच्या आधी जावे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करीत फलटणच्या मुक्कामी येते. रथापुढच्या दिंड्या आणि रथामागच्या दिंड्या यांना क्रमांक आहेत, प्रत्येकीचा मान ठरलेला आहे, आणि त्या मानावरून होणारी कुरकुरही वारीइतकीच जुनी असावी. एका ग्रंथकर्त्याच्या पादुका घेऊन लक्षावधी माणसे त्याचे शब्द म्हणत चालतात. ते शब्द त्यांना पाठ आहेत आणि त्यांच्या अर्थावर त्यांचा हक्क आहे. येथे भक्ती व चाहतेपणा यांची सरमिसळ करावयाची नाही; वारीचा आशय वेगळा, तिचे गांभीर्य वेगळे. परंतु संहितेभोवती समाज जमतो, तो आपली शिस्त व आपले रुसवेफुगवे निर्माण करतो आणि संहितेचा ताबा विद्वानांकडून काढून घेतो, हे मराठी माणसाला न्यूयॉर्ककडून शिकावे लागलेले नाही. मांडवात कोणाला जागा आहे हा प्रश्नही जुनाच. १८८५ सालच्या ग्रंथकार सभेचे आमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले तेव्हा तो उभा राहिला. त्याचे गांभीर्य १९३९ च्या न्यूयॉर्कमधील अडवाअडवीपेक्षा कितीतरी मोठे होते.

याच फलटणमध्ये महानुभाव पंथाचे मोठे केंद्र आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे प्रभृतींनी ‘सकळ’ लिपीची कळ शोधली, आणि त्यानंतर मराठीचे आद्य गद्य अभ्यासकांना खुले झाले. म्हणजे मराठी वाङ्मयेतिहासाचा पहिला अध्यायच एका कूटाच्या उकलीवर उभा आहे. कोडे सोडवण्यातला आनंद हा साहित्यबाह्य आनंद आहे, असे वर्गात सांगणाऱ्या अध्यापकाने ‘लीळाचरित्र’ कोणत्या वाटेने त्याच्या टेबलावर आले याचा विचार करावयास हरकत नाही.

विज्ञानाचे म्हणावे, तर तेही येथे आयात करावे लागत नाही. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली फलटणला कृषी संशोधन संस्था स्थापन केली. करडई, गोड ज्वारी, तिच्यापासून मद्यार्क, त्या मद्यार्कावर चालणाऱ्या शेगड्या व दिवे अशी कामे तेथे झाली. १९९० च्या दशकात सुंदरबनाकडच्या गारोळ मेंढ्यांतील बहुप्रसवतेचे जनुक दख्खनी मेंढीत आणण्याचे काम सुरू झाले आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ हा जुळी कोकरे देणारा वाण तयार झाला. एका बाजूला बंगालच्या खाडीतली बुटकी मेंढी, दुसऱ्या बाजूला माणदेशाच्या माळावरचा धनगर, मध्ये जनुक : विज्ञानकथेला यापेक्षा अधिक काय हवे असते? दार्को सुविन यांनी १९७९ साली विज्ञानकथेचे लक्षण सांगताना ज्ञानात्मक अपरिचितीकरणाची कल्पना मांडली. ओळखीचे जग एका नव्या वस्तूमुळे अनोळखी व्हावे. दुष्काळी पट्ट्यात एका वेताला दोन कोकरे झाली तर चाऱ्याचा, वाटणीचा, बाजाराचा, बायकांच्या कामाचा हिशोब बदलतो. ही ‘नवी वस्तू’ यानापेक्षा कमी वैज्ञानिक नाही. मराठी विज्ञानकथेचा नकाशा मात्र मुंबई, पुणे आणि परदेशातील वेधशाळा यांच्याभोवती फिरत राहिला, आणि समीक्षेने त्याबद्दल तिला कधी फारसे छेडले नाही. कारण स्थळकाळाचे प्रश्न ग्रामीण साहित्याच्या अभ्यासक्रमात आणि विज्ञानाचे प्रश्न विज्ञानसाहित्याच्या अभ्यासक्रमात विचारायचे, अशी पेपरांची वाटणी झालेली आहे. जाई निंबकरांसारख्या लेखिकेने याच गावी राहून इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हा हे गाव वाङ्मयाच्या नकाशाबाहेरचे आहे असेही कोणी म्हणू नये.

तेव्हा मराठीत अशी कादंबरी लिहिली जाण्यासाठी सामग्रीची उणीव नाही. तिचे हसू कोणत्या जागेवरून यावे, हा कठीण प्रश्न आहे. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’ने रविकिरण मंडळाच्या कवितेची जी थट्टा केली, ती टिकली याचे एक कारण असे की अत्र्यांना तो छंद, ते लाडिक शब्द, ती चहाची बैठक आतून ठाऊक होती, त्या कवितेची लय हातात असल्याखेरीज तिचे विडंबन जमत नाही. आजचा मराठी लेखक चाहत्यांवर हसू लागला तर तो फार लवकर तालुक्याच्या गावावर हसू लागेल, अशी भीती आहे. त्याच्या हातून इंग्रजी उच्चारांची चेष्टा होईल, पुस्तक छातीशी धरून सहीसाठी उभ्या असलेल्या शिक्षकाची चेष्टा होईल. भौतिकशास्त्र शिकवलेले श्याम मनोहर जिज्ञासेवर हसतात तेव्हा जिज्ञासू माणूस लहान होत नाही; तो मार्ग येथे उपयोगी पडेल. उपहासाचे लक्ष्य व्हावे ते मान वाटणारे. अध्यक्षीय भाषण, स्वागताध्यक्षाचे औदार्य, परिसंवादातला पाचवा वक्ता, आणि हे सारे झाल्यावर ‘लोकप्रिय साहित्याच्या मर्यादा’ या विषयावर बीजभाषण करणारा समीक्षक. खून कोणाचा करायचा हे लेखकाने ठरवावे. संशयितांच्या यादीतून या शेवटच्या गृहस्थाला वगळू नये.

कारण एक नाहीसे होणे प्रत्यक्षात घडत आहे आणि त्यात त्याची साक्ष निघण्याजोगी आहे. अर्नाळकर-नाईकांच्या काळातली पुस्तके हलक्या कागदावर छापलेली होती. हातोहात वाचली गेल्याने ती झिजली. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणाऱ्या, अ ब क ड वर्गांत विभागलेल्या ग्रंथालयांना जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन करावे लागते, आणि जीर्ण होते ते अर्थातच सर्वाधिक वाचलेले पुस्तक. न वाचलेले समग्र वाङ्मय काचेच्या कपाटात कोऱ्या पानांनिशी सुखरूप राहते. ग्रंथपालाला दोष देण्याचे कारण नाही. कोणते पुस्तक संशोधनासाठी राखून ठेवावे हे त्याला सांगण्याचे काम विद्यापीठीय मराठी विभागांचे होते. ते विभाग त्या काळात लोकप्रिय साहित्य हे अभिजाताचे विरुद्धपद आहे की पूर्वपद आहे, याची चर्चा करीत होते. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयासारख्या ठिकाणी पदव्युत्तर मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आज रहस्यकथेच्या वाचनावर प्रबंधिका लिहावयाची झाली, तर त्याला सिद्धान्त हवा तेवढा मिळेल. पुस्तके मिळणार नाहीत.

तरीही पुरावा पूर्ण नष्ट झालेला नाही. निर्लेखित पुस्तकाचा क्रमांक ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत राहतो. त्याच्यापुढे लेखक, शीर्षक, किंमत, दाखल झाल्याची तारीख आणि शेऱ्याच्या रकान्यात ते कमी केल्याची नोंद असते. जी थोडी पुस्तके वाचली, त्यांच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर देवघेवीच्या तारखांचे शिक्के आहेत. कोणते पुस्तक किती दिवसांनी परत आले, कोणते दुसऱ्याच दिवशी पुन्हा बाहेर गेले, उन्हाळ्याच्या सुटीत काय उचलले गेले, पालखीच्या आठवड्यात काय घडले, हे सारे त्या जांभळ्या शिक्क्यांत आहे. सातारा-सांगलीच्या दहा तालुक्यांतील वाचनालयांच्या अशा नोंदवह्या आणि चिठ्ठ्या यांची छायाचित्रे घेण्यास एका विभागाच्या विद्यार्थ्यांना दोन सुट्या पुरतील, त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही, आणि नोंदवह्यांनाही वाळवी लागते.